माझ्या पोटातली काळी भुकटी

मित्रांनो, मी एक जुना टोनर आहे. प्रिंटरच्या पोटात बसणारा, काळ्या भुकटीने भरलेला डबा. मला कोणी पाहत नाही, पण तुम्ही वाचता ती कितीतरी काळी अक्षरं माझ्यासारख्यांचीच असतात.

सुरतेला पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात माझं आयुष्य गेलं. दिवसभर साड्यांच्या पार्सलांवर चिकटवायचे पत्ते छापायचे. मालेगाव, पाटणा, नागपूर. प्रिंटरच्या उबदार अंधारात मला डुलकी लागे आणि वाटे, त्या गावांना आपणही पोचलोय, कोणाच्या तरी दारात साडीची घडी उलगडतेय. शेठ कागद उजेडाकडे धरून म्हणत, ‘वाह, क्या काला है!’ मग माझा दिवस सोन्याचा होई.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यासोबत एक कागद होता. माझ्यात कोणती द्रव्यं आहेत, कोणती घातक द्रव्यं नाहीत, ते त्यावर लिहिलं होतं. तो पहिल्याच दिवशी केरात गेला. मी रिकामा झालो की भटू नावाचा माणूस मला भोक पाडून पुन्हा भरून देई. त्याच्या भुकटीच्या पिशवीवर ना नाव, ना लेबल. आत काय आहे ते भटूलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी मी गळू लागलो. कागदावर काळे ओघळ उठले, तसे शेठ म्हणाले, ‘फेंक दो.’ ते काम सुकलालकडे आलं. सुकलाल ऑफिसातला शिपाई, गडी मोठा काटकसरी. तो मला फेकण्याऐवजी सुरतेतल्याच गोडादऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खान्देशातून आलेल्या घरांचा हा लाडका सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सुकलालची बायको शोभाबाई ओट्यावर मोराची रांगोळी काढायला बसली होती. मला पाहून ती हरखलीच.

‘काळा रंग कसाले इकत लेवाना? हाई शे ना!’ असं म्हणत, विकतचा रंग वाचला म्हणून खूश होऊन तिने मला लाटण्याने ठोकून फोडलं.

खरं सांगतो, मला आनंदाचं भरतं आलं. पत्ते छापून जन्म गेला, आता मोराचा डोळा होणार! मी स्वप्नातच होतो. वैशाखाचा वारा आला आणि माझी भुकटी उडाली. वर्षानुवर्षं साड्यांचे धागे कापून शोभाबाईची छाती आधीच अधू झाली होती. ती खोकली, पुन्हा खोकली आणि मग तिचा श्वासच अडकला.

‘माय, मांगे सरक! हाई रंग नई, टोनर शे!’ आखाजीला आलेली तिची लेक सोनाली धावली. तिने आईला वाऱ्याच्या उलट बाजूला नेलं, तिचा नेहमीचा श्वासाचा पंप तोंडाशी धरला. सुकलाल सांडलेली भुकटी धुवायला गरम पाणी घेऊन आला, तर ती ओरडली, ‘बाबा, गरम नको! उष्णतेने हे आणखी चिकटतं, ओल्या गार फडक्यानेच पुसा.’ शोभाबाईचे ओठ निळसर झाले होते. तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती दोन दिवसांनी घरी आली, पण तोवर गल्लीतले झोके उतरले होते.

सोनाली एका कारखान्यात खरेदी बघते. शिसं, पारा यांसारखी द्रव्यं किती आहेत याचा कागद असल्याशिवाय ती यंत्र घेत नाही, टोनरही घेत नाही. ते सगळं तिने बापाला नीट समजावलं.

सोमवारी दोन पिशव्यांत गुंडाळलेला मी शेठच्या टेबलावर होतो. चौदा वर्षांत ‘जी शेठ’च्या पुढे न गेलेला सुकलाल हात जोडून, पण ताठ उभा होता. ‘शेठ, बिना लेबलका पावडर अब मत मँगाओ. मेरी घरवाली मरते मरते बची है.’

शेठनी त्या पिशव्या हलकेच बाजूला सरकवल्या. मग होकार देत हळू आवाजात म्हणाले, ‘सारुं, सुकलालभाई.’

आता जुने टोनर परत नेणाऱ्या गाडीची वाट पाहत मी कपाटात पडून आहे. पण ती सकाळ मला विसरता येत नाही. माझी भुकटी रांगोळीची नाही, हे त्या ओट्यावर आधी मलाच ठाऊक होतं; पण मोराचा डोळा व्हायच्या आनंदात मी ते विसरलो, आणि आठवलं असतं तरी मला बोलता येत नव्हतं. मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं. म्हणून आम्हाला घरात, ऑफिसात आणण्याआधी आमच्या पोटात काय आहे ते तुम्ही विचारा. शोभाबाईला श्वास परत मिळाला, प्रत्येकाला मिळतोच असं नाही.