बॅगांपाशी कोण बसणार?

सहल ठरली की बऱ्याच घरांत एक माणूस न विचारताच बाजूला काढलं जातं. बॅगा सांभाळायला!

बिस्किटांच्या कारखान्यातल्या सुपरवायझरसाहेबांच्या घरीही तेच झालं. कामावर दिवसभर माणसांना ड्यूट्या लावायच्या. ती सवय काही गेटवर उतरवून ठेवता येत नाही. कोमट समुद्रात स्नॉर्केलिंग करायचं, प्रवाळ बघायचं असं ठरलं, आणि जेवणाच्या टेबलाशीच साहेबांनी फर्मान काढलं.

"मी, आक्का आणि पोरगी पाण्यात. तू काठावर, बॅगांपाशी."

बायको शाळेत गाणं शिकवायची. हातातलं ताट खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, मलाही बघायचंय खाली काय असतं ते."

"तुला पोहता कुठे येतं?"

"आणि तुला रे?" साहेबांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने विचारलं. "मी बोटवाल्याशी बोललेय. लाइफ जॅकेट असतं, पोहता यायलाच हवं असं नाही. पण तोंड पाण्यात घालून नळीतून शांत श्वास घेता आला पाहिजे. नाहीतर माणूस घाबरतो, पाय टेकतो आणि पायाखालचं जिवंत प्रवाळ मोडतं. अशा माणसाला ते उतरूच देत नाहीत."

"हात्तिच्या, त्यात काय एवढं!"

साहेबांनी टब भरला, नवा मास्क चढवला, नळी दातांत धरली आणि तोंड बुडवलं. लगेच ठसका लागून लालबुंद होऊन वर आले. पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. पोरीने ओठ चावून हसू दाबलं.

मग बायको पुढे आली. घाबरलेली होतीच, मास्कचा पट्टा तिने दोनदा ओढून बघितला. पण एकदा तोंड पाण्यात गेल्यावर तिने रियाजाला बसल्यासारखा संथ, लांब श्वास घेतला. नळीतून तो एका लयीत येत-जात राहिला. आक्काने खांद्यावर हात ठेवला तरी ती उठेना.

साहेब बघतच राहिले. आजवर किती समुद्र पाहिले आणि प्रत्येक वेळी हिला वाळूत बसवून आलो! एकदा विचारलंही नाही! त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला शिकवशील?"

"शिकवीन. पण माझ्या वर्गात बडबड चालत नाही हं."

"आणि बॅगा?" पोरीने विचारलं.

"बोटवाल्याकडे कुलपाची कपाटं आहेत," आक्का म्हणाली. "फोनवर विचारलं तर लगेच कळलं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेब भेटेल त्याला छाती फुगवून सांगत होते, "आमच्याकडे समुद्रात पहिली उतरणार ती आमची बायको!"

मंडळी, तुमच्याही घरात असं एक माणूस असेल. त्याला काय बघायचंय, हे सहल ठरवण्याआधी विचारा. बॅगांसाठी कुलूप पुरतं, त्यासाठी घरातलं माणूस काठावर बसवायची गरज नसते.