शाळा बदलली तेव्हा मी फाटकाशी उभी होते

मी एक जुनी, पिवळी स्कूल व्हॅन आहे. जन्मापासून पिवळी नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते आणि माझे पहिले मालक मला घोडेगावच्या बाजारात शेळ्या न्यायला वापरत. पावसाळ्यात शेळ्यांचा वास अजून येतो, असं मुलं म्हणतात. मी तिकडे कानाडोळा करते.

पुढे पारनेर तालुक्यातल्या बिभीषणने मला विकत घेतलं, पिवळा रंग दिला आणि माळावरच्या खासगी इंग्रजी शाळेची मुलं तो माझ्यातून नेऊ लागला. ही शाळा दहावीपर्यंतच आहे. वाटेत गावातलं जुनं अनुदानित विद्यालय लागतं. त्याचे वर्ग पत्र्याचे आहेत, पण त्याच आवारात अकरावी-बारावीचं विज्ञान कॉलेज आहे आणि तिथल्या प्रवेशासाठी आसपासच्या गावांची झुंबड उडते. बिभीषणची मुलगी सृष्टी याच विद्यालयात शिकायची. रोज सकाळी ती मैत्रीण मोनिकाबरोबर चालत जाताना मला हात करायची. मला बरं वाटायचं. बिभीषण मात्र सरळ समोर बघायचा.

सृष्टीची आठवी संपली आणि तो तिचा दाखला काढायला गेला. तिच्या वर्गशिक्षिका जयमाला मॅडम त्याच्यामागे फाटकापर्यंत आल्या.

"बिभीषणराव, तिला पुढं याच कॉलेजात घालायचंय ना? मग दोन वर्षांसाठी कशाला हलवता?"

"मॅडम, साऱ्या गावाची पोरं मी तिकडं नेतो. माझीच हितं ठिवली तर लोक काय म्हनतील?"

बिभीषणने दाखला खिशात घातला. आम्ही निघालो.

सृष्टी टाय बांधून माझ्या पुढच्या सीटवर बसू लागली. खोटं कशाला सांगू, तिचं तिथे चांगलं चाललं. ती न अडखळता इंग्रजी बोलू लागली. दहावीला तिला शहाऐंशी टक्के पडले आणि मोनिकाला एक्क्याऐंशी. बिभीषणने त्या दिवशी माझ्यातल्या सगळ्या मुलांना पेढे वाटले.

प्रवेशाची पहिली फेरी जाहीर झाली. विद्यालयाच्या कॉलेजात मोनिकाचं नाव लागलं, सृष्टीचं नाही. काहीतरी चूक झाली असणार म्हणून बिभीषण तिला घेऊन थेट तिथे आला. जयमाला मॅडम फाटकाशीच भेटल्या.

"चूक नाही झाली. आवारातल्या शाळेच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवतात, इनहाऊस कोटा म्हणतात त्याला. मोनिका त्यातून आली. बाहेरच्या मुलांना अठ्ठ्याऐंशीच्या खाली जागा उरली नाही."

"पन आमची सृष्टी हितलीच हाय की. आठवीपतूर हितंच हुती."

"दहावी जिथून केली, ती शाळा धरतात."

बिभीषण येऊन सीटवर बसला, पण चावी लावेना.

"पप्पा," सृष्टी म्हणाली, "मला मोनिकासंगं राहायचं हुतं. तुमी इचारलंच न्हाई."

त्याने चावी फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. एरवी मी इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

दुसऱ्या फेरीत सृष्टीला लांबच्या कॉलेजात जागा मिळाली. कॉलेज वाईट नाही. पण ती उजाडायच्या आत एसटीने निघते आणि दिवेलागणीला परत येते. तिच्या सीटवर आता दप्तरं ठेवतात. मला तिची आठवण येते.

मित्रांनो, खासगी शाळा बरी की अनुदानित, हे मला विचारू नका. मी दोन्हींच्या फाटकापर्यंतच जाते. पण शाळा बदलायचं घरात निघालं, तर पुढचं कॉलेज कुठलं आणि तिथे कोणाला आधी घेतात, याची मोठ्यांना चौकशी करायला लावा. तुम्हाला काय हवंय तेही मोकळेपणाने सांगा. मला घेताना बिभीषण माझ्याखाली आडवा झाला होता. त्याने गिअर टाकून पाहिले, टायर दाबून पाहिले, पहिल्या मालकाला प्रश्न विचारून हैराण केलं. आणि पैसे देण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या सृष्टीला त्याने विचारलं होतं, "आवडली का गं? घ्यायची का?"