भरलेली चाळण

मित्रांनो, चाळण म्हटलं की तुम्हाला पीठ आठवत असेल. माझ्या नशिबी पीठ कधी आलंच नाही. मी चिखलाची चाळण आहे, आणि आता तर म्हातारी झाले आहे. माझी लाकडी कड पाण्याने फुगून वाकली आहे, पितळी जाळीवर हिरवट थर चढला आहे. एका लहानशा प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, नळाच्या वरच्या खिळ्याला लटकून मी दिवस ढकलते.

मला घडवणाऱ्या कारागिराला वाटलं होतं, मी एखाद्या गिरणीत जाणार. पण मला न्यायला आलेल्या ताईंनी जाळी उजेडाकडे धरून विचारलं, "मोहरीएवढा जीवसुद्धा निसटायला नको. नाही ना निसटणार?"

"पाणी आणि बारीक गाळ सोडून काही निसटणार नाही," तो म्हणाला. "पण जीव कसले चाळता, बाई?"

ते मलाही पुढे कळलं. समुद्रकाठी वाळूचा एक लांबलचक पट्टा होता आणि त्याच्यामागे उथळ पाणी अडकलेलं होतं. पुस्तकात त्याला खारकच्छ म्हणतात. काठावरचे लोक मात्र नुसतं 'आतलं पाणी' म्हणायचे. वाळूच्या पट्ट्याला एका जागी तोंड होतं. भरतीला समुद्र तिथून आत यायचा, ओहोटीला बाहेर जायचा. या पाण्याच्या तळाशी कोण कोण राहतं, हे पाहणं ताईंचं काम होतं.

होडी ताईंच्या सख्ख्या मामांची. मामांचा धंदा शिंपल्यांचा. तोंडाजवळच्या वाळूत ते नखाएवढी पिल्लं पेरायचे आणि मोठी झाली की काढायचे. त्या जागेला ते 'माझं शेत' म्हणायचे. मामी गेल्यापासून मुलगा त्यांना शहरात बोलवत होता. मामा ठणकावून सांगायचे, "शेत आहे तोवर मी कुणाच्या सोफ्यावर जाऊन बसणार नाही."

होडीतून दोरीने सोडलेला लोखंडी पंजा तळाचा चिखल उचलून आणायचा आणि माझ्या अंगावर पालथा व्हायचा. मग बादलीने पाणी, आणि ताईंच्या हातांनी गदागदा हलणं. गाळ वाहून गेला की माझ्याकडे पाहुणे उरायचे. तोंडाजवळच्या वाळूत शिंपले, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं, वाळूची नळी बांधून आत राहणारे किडे. आत ओढ्याकडे पाणी कमी खारट आणि गाळ मऊ, तिथे मोजकीच मंडळी. पावसाळ्यात खारटपणा उतरला की काही जण नाहीसे व्हायचे, उन्हाळ्याकडे पुन्हा दिसायचे. कुणाला वाळू लागते, कुणाला चिखल. श्वास मात्र सगळ्यांना लागतो, आणि तो समुद्र आणून द्यायचा.

मामा ताईंची फिरकी घ्यायचे. "नवऱ्याला सांगितलंयस ना, घरचा चहाही याच चाळणीने गाळतेस म्हणून?" ताई हसून त्यांच्यावर पाणी उडवायच्या. मित्रांनो, तेव्हा मी सुखात होते.

एका वर्षी वादळात लाटा त्या तोंडातून थेट काठावरच्या घरांत शिरल्या. मामांच्या घराची मागची भिंत आडवी झाली. लोकांनी मागणी केली, दगड टाकून तोंड अरुंद करा. मागणी करण्यात मामा सगळ्यांत पुढे. दगड पडले, पण तूर्तास म्हणून. दगड टाकणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांनी ताईंना बजावलं, "पावसाळ्यानंतर एवढंच सांगा, तळाचे जीव वाढले की घटले? वाढले असतील तर दगड कायम ठेवू."

पावसाळा सरला. पंजा माझ्यावर पालथा झाला, ताईंनी मला हलवलं, आणि मी काठोकाठ भरले. दोऱ्यासारखे लाल किडे, एकात एक गुंतलेले. माझी जाळीच दिसेना.

"घरात गोकुळ झालंय नुसतं!" मामा खूश झाले.

"मामा, पण हे सगळे एकाच जातीचे दिसतायत. शिंपल्याचं पिल्लू एकही नाही."

"येतील गं. जिवंत आहेत ना हे? माझी भिंत आत्ता कुठे उभी राहिलीये, पोरी."

ताईंनी चिखल नाकाशी नेला. त्याला किंचित वास येत होता. मग त्यांनी काठावरच्या नव्या भिंतीकडे पाहिलं. मामांचं अंथरूण पुन्हा भिजू नये असं त्यांना फार वाटत होतं. साहेबांना त्या म्हणाल्या, "वाढले." ते खोटं नव्हतं. जिथे बाकीच्यांचा श्वास कोंडतो, त्या कुजक्या गाळात हे लाल किडे फोफावतात. शेजारपाजार उठून गेला म्हणून ते वाढले होते.

मग उन्हाळा आला. वारा पडला, पाणी हलेना, तळ काळा पडला आणि काठावर सडक्या अंड्यांचा वास सुटला. मामांच्या शेतातले शिंपले श्वासासाठी वाळूतून वर आले आणि तोंड वासून पडले. मामा गुडघाभर पाण्यात वाकून त्यांना हातांनी परत वाळूत खुपसत होते. ताई "मामा, पुरे आता" म्हणत होत्या, पण ते थांबेनात. मला ते पाहवत नव्हतं.

ताईंनी अर्ज केले, हेलपाटे घातले. साहेब म्हणाले, "तुम्हीच तर वाढले म्हणालात." दगड तिथेच राहिले.

शहरात मुलाकडे निघण्याआधी मामांनी शेतावरचा चिखल शेवटचा एकदा उचलायला लावला. या खेपेला लाल किडेही नव्हते. काळा गाळ वाहून गेला आणि रिकामे शिंपले उरले, दोन्ही कवचं उघडलेले. मामांनी एक उचलला, दोन बोटांत धरून मिटला. बोटं सोडताच तो पुन्हा उघडला. त्यांनी दुसरा मिटून पाहिला, तोही उघडला.

"मिटत नाही गं," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, या म्हातारीचं एक ऐका. पाण्याची वाट अडवण्याआधी त्या पाण्यावर कोण कोण जगतं, ते पाहा. आणि चाळण भरलेली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आत कोण आलंय ते बघा, आणि कोण आलेलं नाही तेही विचारा.

मामा आता मुलाकडे असतात, त्या सोफ्यावर. अधूनमधून त्यांचा फोन येतो. ताई नळापाशी उभ्या राहून बोलतात, म्हणून मला सगळं ऐकू येतं.

"चाळणीत काय आलं गं आज?" मामा विचारतात.

ताई माझ्याकडे बघतात. त्या शेवटच्या खेपेपासून त्यांनी मला खिळ्यावरून काढलेलं नाही.

"एक पिल्लू आलंय, मामा," त्या म्हणतात. "नखाएवढं."