बर्फाच्या पेटीतले बूट

गुलमर्गच्या स्कीइंग शिबिरासाठी सुलक्षणाची निवड झाली, तेव्हा तिने बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला. कांदिवलीच्या एका शाळेत ती मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायची. परदेशात लोक पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून उडी घेतात आणि हवेत कोलांटी मारतात, हे जयाने सांगितल्यापासून तिला चैन नव्हतं. जमिनीवर सतरंजी घालून मारतो ती कोलांटी बर्फावर कशी लागत असेल?

जया माहुलच्या कोळीवाड्यातली, तिची आई मासळी विकायची. दोघी मुलुंडच्या एकाच गिर्यारोहण क्लबात होत्या, आणि जया आदल्या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आली होती. डिसेंबरातल्या एका रविवारी तिने सुलक्षणाला क्लबाच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात दोरखंड, तंबू आणि कुणा परदेशी पाहुण्यांनी मागे ठेवून दिलेले स्की-बुटांचे तीन जोड होते: लाल, काळा आणि राखाडी. बाहेरून जाड प्लॅस्टिकचं कवच, आत मऊ गादीचा दुसरा बूट, पुढे लोखंडी बकलं. एकेक बूट उचलायलाही जड.

सुलक्षणाने लाल जोड घातला. पाय सर्रकन आत गेला. "झकास! जया, हेच घेते. बोटं कशी मोकळी आहेत बघ."

"म्हणूनच नको," जया म्हणाली. "मी गेल्या वर्षी असेच मोकळे घेतले. उतारावर पाय आतल्या आत पुढे सरकायचा नि बोटं आपटायची. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली यार, गळूनच गेली."

"पण चपला-बूट बोटभर मोठे घ्यायचे असतात ना?"

"चालायचे बूट. हे चालायचे नाहीत. पाय वळला की पट्टी वळली पाहिजे. मधे पोकळी राहिली तर तू वळशील आणि पट्टी सरळच जाईल."

जयाने बुटातला मऊ बूट बाहेर काढला आणि सुलक्षणाला नुसत्या कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवून उभं राहायचं आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. लाल बुटात टाचेमागे जयाचा अर्धा पंजा मावला. काळ्या आणि राखाडी जोडांत मात्र जेमतेम दीड बोट जात होतं, हवं तेवढंच.

मग आतले बूट पुन्हा बसवले, एकच पातळ मोजा घातला, बकलं आवळली. काळ्यात उभं राहिल्यावर बोटं पुढे घासली. "आता गुडघे वाकव. होडी हलायला लागली की उभी राहतेस तशी."

"मी कधी गं होडीत उभी राहिले?"

"मग बसमधे उभी राहतेस तशी."

सुलक्षणाने गुडघे वाकवले आणि नवल वाटून पुन्हा सरळ झाली, पुन्हा वाकली. वाकलं की बोटं आपोआप मागे सरत होती आणि टाच खोबणीत बसत होती. राखाडी जोडातही तसंच. फरक एवढाच, की राखाडी बूट घोट्यापाशी सहज वाकत होता आणि काळा हट्टी होता.

"काळा घट्ट धरतो. भरधाव उतरायला बरा," जया म्हणाली. "पण तुला उड्या मारायच्यात. उडीवरून खाली आलीस की घोट्याला थोडं वाकता आलं पाहिजे, नाहीतर सगळा दणका नडगीला. आणि फारच मऊ असेल तर बाकीचा डोंगर उतरताना पाय डगमगणार."

सुलक्षणाला काळाच मनातून पटला होता. राखाडी तिला जरा लेचापेचा वाटत होता. पण जयाचं एक वाक्य तिच्या डोक्यात अडकलं: "तिकडे थंडीत प्लॅस्टिक अजून कडक होतं हं."

"अजून म्हणजे किती?"

"ते काय सांगू? होतं."

"तुझ्या आईकडे बर्फाची पेटी आहे ना?"

दोघी काळा आणि राखाडी जोड घेऊन माहुलला गेल्या. जयाची आई पुतळाबाई बाजारातून परतून पाट्या धूत होती. मुली काय मागतायत हे कळल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "मावऱ्याच्या पेटीत पायताण? काय गो, डोकं फिरलं काय?"

तरी तिनेच पेटीतला बर्फ उकरून जागा केली. आतले मऊ बूट कोरडे राहावेत म्हणून बाजूला काढले आणि नुसती कवचं बर्फात पुरली. चहा झाला, गप्पा झाल्या, पुतळाबाई मधूनमधून झाकण उचलून डोकावत राहिली. आता तिलाही उत्सुकता होती.

कवचं बाहेर आली तेव्हा हाताला चटका बसत होता. आतले मऊ बूट परत बसवल्यावर काळ्या बुटात सुलक्षणाचा पाय घालण्यासाठी जयाला मागून ढकलावं लागलं. सुलक्षणाने गुडघे वाकवायचा प्रयत्न केला. बूट तसूभर हलला नाही आणि तीच मागे झुकून पुतळाबाईच्या अंगावर आली.

"ह्यो तर वरवंटा झाला," पुतळाबाई म्हणाली.

राखाडी बूटही कडक झाला होता, पण वाकत होता. नडगी पुढे रेटली की तो नेमाने थोडा दबायचा आणि परत उभं करायचा. सुलक्षणा अंगणात वाकत-उठत राहिली. मघाशी लेचापेचा वाटलेला बूट आता मुंबईच्या उन्हातल्या काळ्यासारखा लागत होता! तिला इतका आनंद झाला की तिने जागच्या जागी उडी मारली.

पाय राखाडी बुटांना सरावावेत म्हणून पुढचे दिवस ती ते घरात घालून स्वयंपाक करायची. जयवंत, तिचे बाबा, दारातून बघत म्हणाले, "चंद्रार जातंस काय गो?"

"नाही ओ बाबा, काश्मीरला."

"मगे सांभाळून जा. आणि घरात हळू चाल, खालच्या माळ्यावरले भांडूक येतले."

जानेवारीत गुलमर्गला पोचल्यावर पहिले दोन दिवस ती नुसती पडत होती. तिसऱ्या दिवशी वळणं जमू लागली. तिने उजवा गुडघा दाबला की पट्टी ऐकायची. शिबिराच्या शेवटी शिक्षकांनी बर्फाचा एक बुटका उंचवटा रचून दिला. सुलक्षणा त्यावरून सुटली, क्षणभर कानात नुसता वारा, मग दोन्ही पाय खाली आले, घोटे वाकले, आणि ती उभीच राहिली. कोलांटी नव्हती ती, साधी उडी होती. पण उतार संपेपर्यंत ती हसत होती, आणि थांबताक्षणी तिने शिक्षकांना विचारलं, "हवेत असताना मान कुठे वळवायची?"