हळदीची पट्टी

"आज दसरा हाय छाया. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाय." माझ्या सासूबाई, तानुबाई, गाळ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आई, गाडी चारला द्यायचीय. देवाला नंतर सांगते." मी पाटावरून रबरी पट्ट्या, पातं आणि फवाऱ्याची बाटली उचलली. खंडेनवमीला त्यांनी एकूणएक हत्याराला हळदकुंकू लावलं होतं. मी ओल्या फडक्याने दिसलं तेवढं पुसलं आणि कामाला लागले.

गाडी शोरूमची होती. तिथल्या अमितने परीक्षा म्हणून ही एकच दिली होती. "ही स्वच्छ निघाली ताई, तर पुढच्या सगळ्या गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं काम तुमच्याकडे. पण एक जरी डाग दिसला तर..." त्याची नजर माझ्या उजव्या हातावर होती. सगळ्यांचीच तिथे जाते, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनने त्या हाताची मधली दोन बोटं अर्धी नेली. उरलेल्या टोकांना नख नाही आणि स्पर्शही कळत नाही. तेव्हापासून दसऱ्याला कुणी सोनं दिलं, की मी आपट्याचं पान डाव्या हाताने घेते आणि उजवा ओढणीखाली ठेवते. काचेवर फिल्म बसवायलाही डाव्या हातानेच शिकले. वर्षभर भंगारातल्या काचांवर घासाघीस केली. शेजारचे गाळेवाले हसायचे आणि मी त्यांना शिव्या घालायचे.

बाजूच्या काचा सुरेख बसल्या. राहिली मागची, आणि खरी डोकेदुखी तीच. एक तर ती गोलाकार. त्यात फिल्म नियमात बसणारी, जेमतेम धुरकट. काळ्याकुट्ट फिल्मखाली एखादा कण लपून जातो, हिच्याखाली काही म्हणता काही लपत नाही. तुकडा एकच होता आणि सणामुळे दुकानं बंद होती.

मी मागच्या सीटवर गुडघे टेकले. काचेवर साबणाचं पाणी मारलं, पट्टीने काच निरपली, पुन्हा पाणी मारलं. फिल्मचा पाठीमागचा कागद सोलून ती अलगद टेकवली आणि मधून कडेकडे पाणी काढत वरचा अर्धा भाग बसवला. अमित बाहेर स्टुलावर बसून काचेतून बघत होता. एकदम तो उठला.

"ताई, रक्त!"

खालच्या भागात, फिल्मच्या आत, लाल रेघ पसरत होती. पात्याने कापलं असेल तरी त्या बोटांना कळणार नाही. मी हात उलटासुलटा करून पाहिला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आणि रेघ वाढतच होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. हळद! साबण लागला की हळद लाल होते, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पट्टीचं रबर मुठीच्या खाचेत बसवलेलं असतं. त्या खाचेत राहिलेली सुकी हळद बाजूच्या काचा होईपर्यंत भिजून सुटली होती, आणि काच निरपताना मीच ती काचेवर ओढली होती.

"आई!" मी ओरडले. "खाचेत हळद भरायची काय गरज होती?"

सासूबाई तिन्ही पट्ट्या घेऊन बादलीशी बसल्या. धुतल्या, झटकल्या, परत धुतल्या. दर वेळी खाचेतून पिवळं पाणी येतच राहिलं. "नाय निघत गं," त्या म्हणाल्या. त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. नीट न पुसणारी मी, आणि बोलणी त्यांना.

अमितने मोबाइलमध्ये पाहिलं. "सव्वातीन झाले ताई. काढून टाका ती फिल्म. मी दुसऱ्या कारागिराला फोन करतो."

"खाली बसा," मी म्हणाले. "चार वाजायचे आहेत अजून."

मी फिल्मचा खालचा भाग हळूच उचलला. "आई, आत या. ही दोन टोकं धरा. जराही हलू नका." सत्तरीच्या सासूबाई गाडीत चढल्या आणि टोकं धरून बसल्या. गोंद उघडा पडला होता. दुमड पडली किंवा धूळ बसली, तर सगळंच संपलं असतं. मी बाटलीतलं ताजं पाणी मारत राहिले. लाल ओघळ खाली उतरला, फिकट झाला, गेला. फिल्म पुन्हा टेकवली.

आता आतलं पाणी काढायचं कशाने? पट्ट्या बाद झाल्या होत्या. फडक्याने नीट दाब येत नाही. डाव्या हाताची बोटं लावली, तर नखं रुतून ओरखडे उठतात.

"त्या हातानं कर की," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्याला नखं कुठं हायत?"

मी सोललेला कागद ओला करून फिल्मवर ठेवला. त्यावरून ती दोन थोटकी बोटं दाबून ओढली. पाणी कडेला आलं. पुन्हा ओढली. बधिर बोटांना किती दाब पडतोय ते कळत नव्हतं, म्हणून डोळे काचेवर रोखून ठेवले. दोन-दोन बोटं रुंदीचे पट्टे ओढत कडेपर्यंत गेले. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसला नाही. शेवटी कागद काढला आणि बाहेर आले.

अमितने टॉर्च लावून आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. गाडी उन्हात घेतली, वाकून चारही कडा बघितल्या. सासूबाई माझं मनगट घट्ट धरून उभ्या होत्या.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "पट्टी नव्हती, मग कशाने केलंत?"

मी ओढणीने कपाळावरचा घाम पुसला. त्याने खिशातून आपट्याची पानं काढली. "सोनं घ्या ताई. सोमवारपासून गाड्या पाठवतो."

सवयीने माझा डावा हात पुढे झाला होता. मी तो मागे घेतला आणि उजवा पसरला. त्याने दोन पानं त्यावर ठेवली. बोटांना ती कळली नाहीत, तळव्याला कळली.