वरच्या बाई खाली उतरतात

भोंगा एकदा वाजला, दोनदा वाजला आणि तिसऱ्यांदा वाजला तो थांबेचना.

"हात काढा! भाऊ, हात काढा तिथून!" वरच्या बाई केबिनच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

खाली, चाळीस फुटांवर, माल बांधणाऱ्या खलाशाने क्रेनला लटकत्या लोखंडी चाकावर हात ठेवला होता. जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. त्याने मान वर केली, हसून हात काढला, आणि बाईंची नजर वळताच पुन्हा ठेवला.

"सव्वीस वर्षं," बाई पुटपुटल्या. "सव्वीस वर्षं एकाच माणसाला एकच वाक्य. भिंतीला सांगितलं असतं, तर एव्हाना भिंत सरकली असती."

पंपांचा कारखाना होता तो. शेडच्या छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत क्रेन फिरायची आणि तिला चिकटलेल्या काचेच्या केबिनमध्ये बाई बसायच्या. खलाशाने खाली मालाला साखळ्या बांधायच्या, हाताने खुणा करायच्या. बाईंनी उचलायचं, न्यायचं, ठेवायचं. त्यांना सगळे वरच्या बाईच म्हणत. घरून नवराही फोनवर आधी हेच विचारायचा, "उतरलीस का वरून?"

आज केबिनचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून क्रेन रिमोटवर चालणार होती. रिमोटचा पिवळा डबा नव्या इंजिनियरसाहेबांच्या गळ्यात सकाळपासून लटकत होता. साहेबांना शिकवून चार वाजेपर्यंत एका कागदावर सही करायची, एवढंच बाईंचं काम. 'प्रशिक्षण पूर्ण झाले', खाली रेघ. मग उरलेली चार वर्षं स्टोअरमध्ये खुर्ची, पंखा आणि नटबोल्टांची यादी. बाईंची त्याला ना नव्हती. शिडीच्या चौतीस पायऱ्यांवर गुडघे हल्ली बोलायला लागले होते.

त्या गुडघ्यांची समजूत घालत त्या खाली उतरल्या. साहेब वाटच पाहत होते.

साहेब वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसावर ओरडता तरी येतं. हे वहीत सगळं लिहून घ्यायचे, आणि बाईंचं वाक्य अर्ध्यावर असतानाच "हो हो, कळलं" म्हणायचे.

"तसं सोपं आहे, बाई," ते म्हणाले. "तीन टनांचं चाक. सगळं वजन क्रेनने घेतलंय. आपल्याला काय उरलं? हे बघा." त्यांनी दोन बोटं लावून चाक ढकललं. चाक जरासं हललं. "बोटाने हलतंय!"

"हललं. आता थांबवा."

साहेबांनी तळहात लावला. चाक तळहातासकट आलं, साहेब दोन पावलं मागे गेले आणि हसले.

"वजन क्रेनने घेतलंय," बाई म्हणाल्या, "वस्तुमान कुठे घेतलंय?"

हा शब्द त्यांनी मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून उचलला होता. मुलगी मोठ्याने पाठ करत होती: चंद्रावर नेलं तर वजन कमी होतं, वस्तुमान तेवढंच राहतं. बाई भाजी चिरता चिरता थांबल्या होत्या. चंद्र कशाला हवा? त्यांना रोज हेच तर दिसत होतं. माल उचलला की त्याचा भार साखळीवर जातो. पण हलायचा आळस आणि हलल्यावर थांबायचा कंटाळा, तो त्याचा त्याच्याचपाशी राहतो.

साहेबांचे डोळे चमकले. "वस्तुमान म्हणजे पदार्थाची गतीतल्या बदलाला विरोध करण्याची..."

"पाठ आहे ना?"

"हो!"

"मग तुम्ही चाक आणि खांबाच्या मधे का उभे आहात?"

साहेबांनी मागे पाहिलं. खांब होता. ते बाजूला झाले. खलाशी खो खो हसला, आणि हसता हसता तोच त्या जागी टेकून उभा राहिला.

"आणि तुम्ही कशाला हसता हो? तुम्हीही निघा तिथून!"

बाईंनी साहेबांची प्लास्टिकची खुर्ची ओढत आणून खांबाला टेकवली. "चाक खुर्चीकडे आणा. हातभर अलीकडे थांबवा."

साहेबांनी बटण दाबलं. चाक निघालं. वेग तो काय, म्हातारा माणूस देवळातून परततो तेवढाच. हातभर अंतर राहिलं तेव्हा साहेबांनी बटण सोडलं आणि क्रेन थांबली. चाक थांबलं नाही. ते पुढे गेलं, खुर्चीला टेकलं, आणि कसलीही घाई न करता तिला खांबाशी चपटी करून मागे फिरलं. फारसा आवाजही झाला नाही. चार पाय चार दिशांना गेले, इतकंच.

"पण मी बटण सोडलं होतं!" साहेब म्हणाले.

"क्रेनने ऐकलं. चाकाने कशाला ऐकावं?"

साहेबांनी वाकून खुर्चीचा मोडका पाय उचलला. बाईंना वाटलं, चला, एकदाचं पोचलं. तेवढ्यात साहेबांनी वही उघडली. "एक खुर्ची मागवायला लागेल. बरं, सही करताय ना?"

बाईंनी कपाळावर हात मारला. समोरच्या माणसाला फक्त खुर्ची मोडलेली दिसली होती!

मग त्यांनी साहेबांना चाकाचा हेलकावा मोडायला शिकवलं. माल पुढे झुलला की क्रेनही हळूच त्याच्यामागे न्यायची, बरोबर त्याच्या डोक्यावर. मग तो शांत होतो. साहेब दर वेळी उलट करायचे. चाक पुढे गेलं की घाबरून क्रेन मागे ओढायचे, आणि झोका दुप्पट व्हायचा.

"त्याच्या मागे जा! आडवं लावू नका!"

"हो हो, कळलं," म्हणत साहेबांनी पुन्हा क्रेन मागे ओढली.

आठ वेळा झालं. नवव्या वेळी मोठे साहेब आले. घड्याळात चारला दहा कमी होते.

"झाली का सही?"

"नाही झाली. शिकवलं, आलं नाही. हवं तर तसं लिहून देते."

"बाई, बटणं आहेत ती सहा! विमान नाही उडवायचं."

"विमानाखाली माणूस उभा नसतो, साहेब. इथे हे असतात." बाईंनी खलाशाकडे बोट दाखवलं. "आणि यांना हात आवरत नाही. आजवर वरून मी बघत होते. उद्या कोण बघणार?"

"मग तुम्ही शिकवलंत याला साक्षीदार म्हणून त्यांचीच सही घेऊ," मोठे साहेब म्हणाले, आणि कागद खलाशापुढे गेला.

बाईंना वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल. खलाशाने पेन घेतलं, कागद चाकाच्याच पाठीवर टेकवला आणि सही ठोकली.

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, बाई," खलाशी शांतपणे म्हणाला. "उगाच वाद कशाला? मी सांभाळीन की."

"तुम्ही सांभाळाल! तुम्ही!" इतकी वर्षं भोंगा वाजवला तो याच्यासाठी. आणि याला वाटत होतं, आपणच सांभाळत आलो. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्या शिडीकडे वळल्या, वर गेल्या आणि चाक जमिनीवर ठेवलं. टेकल्याचं कळलंही नाही.

खाली आल्यावर त्या थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"स्टोअर नको मला. खाली घ्या, खलाशाच्या जोडीला. मालाला दोरी बांधून एकाने ती लांबून धरायची असते, नियमच आहे. आपल्याकडे माणूस नाही म्हणून कुणी धरत नाही."

"अहो, वय काय तुमचं? तिथे पंखा आहे, बसायचं काम आहे. घरी काय सांगाल?"

"उतरले म्हणून सांगेन."

मोठ्या साहेबांनी हात जोडले. ते नमस्काराचे होते की वैतागाचे, कळायला मार्ग नव्हता. पण बाईंकडून तसा अर्ज त्यांनी लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जमिनीवर उभ्या होत्या. डोक्यावरचं हेल्मेट मोठं होत होतं. चाक उचललं गेलं आणि त्यांनी त्याची खालची बाजू पहिल्यांदा पाहिली. खडबडीत, कुणी न घासलेली. वरून ते नेहमी गुळगुळीत दिसायचं. खलाशी दहा पावलांवर होता, कारण त्याला तिथे बाईंनी स्वतः दंडाला धरून उभं केलं होतं. तो तोंड पाडून होता.

साहेबांनी बटण सोडलं. क्रेन थांबली, चाक निघालं. बाईंच्या हातातली दोरी ताठ झाली.

बाईंनी टाचा रोवल्या. जे सव्वीस वर्षं काचेतून पाहिलं होतं, ते आता तळहातांतून खांद्यात आणि खांद्यातून कमरेत उतरत होतं. आवाज नाही, झटका नाही, नुसती एक संथ ओढ. बाई उभ्याच्या उभ्या घसरल्या. दोरी सोडली नाही. जमिनीवरच्या धुळीत बुटांच्या टाचांनी दोन रेघा ओढल्या, वीतभर, मग हातभर.

या वेळी बाई ओरडल्या नाहीत. ओरडायला श्वासच नव्हता.

साहेबांनी त्या दोन रेघांकडे पाहिलं. तोंडातलं "हो हो" तोंडातच राहिलं. मग अंगठा दुसऱ्या बटणावर गेला, आणि वर, रिकाम्या केबिनला घेऊन, क्रेन हळूच चाकाच्या मागे निघाली.