दादाने न केलेली चोरी

नालवड्डाच्या पोस्टला आताशा कुत्रंही विचारत नव्हतं. नोकरी कशी मिळवावी, साहेबाशी कसं बोलावं, असले सल्ले ती नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर लिहायची. लोकांना आवडलं की कंपन्या तिला शिकवायला बोलवायच्या, आणि त्यावर तिचं घर चालायचं. पूर्वी सकाळी काही टाकलं की दुपारपर्यंत अर्ध्या कंपालाने वाचलेलं असायचं. आता? तिच्यासारख्याच चार सल्लागार बाया 'फारच प्रेरणादायी!' असं लिहून जायच्या, आणि त्यांच्या पोस्टखाली हीही तेच लिहून यायची. वाचत मात्र कोणीच नव्हतं.

चालायची ती फक्त दादाची गोष्ट. सेम्पेब्वा दादा शहरातल्या काट्वे वस्तीत फ्रिज दुरुस्त करायचा. बाप गेल्यावर त्याने शाळा सोडली आणि बहिणीला विद्यापीठापर्यंत शिकवलं. ही खरी गोष्ट तिने त्याला विचारून लिहिली होती, आणि लोक तुटून पडले होते. मग काय, आकडा घसरला की दादाला काढायचं बाहेर! दर वेळी मीठमसाला थोडा जास्त. एकदा तो अनवाणी हिंडला, एकदा उपाशी झोपला. त्या बिचाऱ्याला साइट कशाशी खातात ठाऊक नव्हतं. "चाललंय ना गं बरं तुझं?" एवढंच विचारायचा.

चाळिशी उलटल्यावर दादाचं लग्न ठरलं. नाकिट्टो नावाची शिक्षिका, मुकोनो गावच्या मानी घराण्यातली. शनिवारी तिच्या घरी मागणीचा समारंभ होता. त्याच आठवड्यात एका कंपनीने नालवड्डाचं शिबिर रद्द केलं. "तुमचं हल्ली कुठे काही दिसत नाही," म्हणाले. त्याच दुपारी तिने लिहून टाकलं: माझ्या परीक्षेच्या फीसाठी दादाने मालकाची तांब्याची नळी चोरली आणि कोठडीत रात्र काढली. जबाबदारी म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले.

साफ खोटं. दादाने आयुष्यात कोणाची काडी उचलली नव्हती. पण संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला, आणि खरं सांगायचं तर बाईला आनंद झाला.

शनिवारी मांडव भरला. बायका नव्या पायघोळ गोमेसी नेसून चटयांवर गुडघे टेकून बसल्या. दोन्ही घराण्यांच्या वतीने बोलणारे ते बोलके, त्यांची नेहमीची जुगलबंदी सुरू झाली. मुलीकडचा म्हातारा बोलका खाकरला.

"पाहुणे, येताना आमच्या विजेच्या तारा जागेवर होत्या ना? नाही, तुमच्या नवऱ्यामुलाचा हात तांब्याकडे फार वळतो म्हणे!"

मांडव हसला. दादाच्या बाजूचा बोलकाही काही कमी नव्हता. "आहेच आमचा पोरगा चोर! तुमच्या पोरीचं मन पळवलं, तेव्हा कुठे होतात?"

पुन्हा हशा. तेवढ्यात मुलीचा काका उठला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला, आणि त्या साइटवर रोज असणारा.

"थट्टा पुरे झाली," तो म्हणाला. "हे मुलाच्या सख्ख्या बहिणीने लिहिलंय. खरं असेल तर त्याने सांगावं. खोटं असेल तर तिने सांगावं. कसल्या घरात पोर देतोय, ते कळू दे आम्हाला."

सगळ्या माना नालवड्डाकडे वळल्या. खोटं होतं, एवढेच दोन शब्द. ते बोलले की दादा सुटला, आणि ती मात्र सगळ्या कंपालात खोटारडी. तिने तोंड उघडलं, आणि जीभ हलेना. दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याने लहानपणापासून पाहिलेला चेहरा तो, न सांगता सगळं कळलं त्याला.

तो उभा राहिला. "खरं आहे. चोरली होती नळी."

मग मुलीचा बाप हळूच म्हणाला, "भर सभेत कबूल करतो, तो माणूस मला चालेल. दंड म्हणून आणखी एक बकरा द्या, आणि पुढचं चालू करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी सगळं फोनवर टिपलं होतं.

परतताना गाडीत ती रडू लागली. "दादा, मी आज सगळं लिहिते. खोटं होतं म्हणून जाहीर सांगते."

"आता नको गं बाई," दादा म्हणाला. "त्या माणसाने माझा शब्द धरून पोर दिली. मी खोटं बोललो हे कळलं तर काय राहील माझं? आता चोरीच खरी."

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं." यापलीकडे तो तिला कधी काही बोलला नाही.

ते चित्रण साइटवर पसरलं. नालवड्डाला इतके वाचक आजवर मिळाले नव्हते. कंपन्या पुन्हा बोलवू लागल्या. तिने एकीलाही होकार दिला नाही, पण त्याने काय होणार होतं!

महिन्याभराने ती काट्वेला गेली. दादा एका खानावळवाल्याचा फ्रिज उघडत होता. हे जुनं गिऱ्हाईक, एरवी फ्रिज टाकून जायचं आणि दोन दिवसांनी यायचं. आज तो दारातच घुटमळत होता.

"थांबतो जरा इथेच," तो म्हणाला. "तशी काही घाई नाही मला."

दादाच्या ते लक्षात आलं. नालवड्डाच्याही आलं. दादाने फडक्याने स्टूल पुसलं आणि पुढे सरकवलं.

"बसा ना," तो म्हणाला. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्याने त्या माणसाच्या पायाशी ठेवला. "हा तुमचा. इथे तुमच्यासमोरच असू दे."